खेळ, गवत आणि गोचीड

पावसाळा आला, की जयपूरभोवतीच्या अरवलीच्या टेकड्या ओळखू येईनाशा होतात. एरवी करड्या आणि रखरखीत दिसणारे त्यांचे उतार श्रावणात हिरवेगार होतात. शहरातील कुटुंबे नाहरगड, गलता अशा ठिकाणी ‘गोठ’ करण्यासाठी, म्हणजे डाळ-बाटी-चूरम्याच्या वनभोजनासाठी जातात. मोठी माणसे रांधण्यात आणि गप्पांत रमतात. मुले गवतात लोळतात, झुडपांआड लपतात. त्याच गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून गोचीड वाट पाहत असतो.

गोचीड उडत नाही की उडी मारत नाही. जवळून जाणाऱ्या जनावराच्या केसांना किंवा माणसाच्या कपड्यांना तो चिकटतो, हळूहळू वर चढतो आणि कानामागे, काखेत, जांघेत, केसांच्या मुळाशी नाजूक कातडी शोधून तेथे तोंड रुतवतो. हा चावा बहुधा दुखत नाही. त्यामुळे खेळात दंग असलेल्या मुलाला त्याचा पत्ताच लागत नाही. गोचिडाची पिल्ले तर तिळाएवढी किंवा त्याहूनही लहान असतात. मोकाट गुरे आणि कुत्री त्याला शहरातल्या मैदानांपर्यंत आणून सोडतात, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

प्रत्येक गोचीड रोग पसरवतो असे नाही. परंतु जो पसरवतो, त्याचे परिणाम गंभीर असतात. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलाजवळ, 1957 मध्ये माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या तापाचा विषाणू शोधून काढला. तो गोचिडांमार्फत पसरत होता. हाच ‘माकडताप’ पुढे 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात प्रकटला. काँगो ताप हा गोचिडांमुळे पसरणारा दुसरा घातक आजार 2011 मध्ये गुजरातेत आढळला आणि नंतर राजस्थानातही त्याचे रुग्ण सापडले. जयपूर परिसरात पावसाळ्यात व त्यानंतर आढळणारा स्क्रब टायफस मात्र गोचिडामुळे होत नाही. गोचिडाचाच दूरचा नातेवाईक असलेल्या एका सूक्ष्म माइटच्या पिल्लांमुळे तो होतो. ही पिल्लेही गवताझुडपांतूनच अंगावर येतात. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते आणि तीही बहुधा काखेत किंवा जांघेत, म्हणजे कोणी पाहणार नाही अशा ठिकाणी.

ही माहिती कानावर पडताच अनेक पालकांची पहिली प्रतिक्रिया मुलांना घरात कोंडण्याची असते. रोगापेक्षा इलाज भयंकर, असेच याबद्दल म्हणावे लागेल. धावणे, पडणे, मातीत हात घालणे यांवाचून बालपण अपुरे राहते. शिवाय घरातले पाळीव कुत्रे गोचीड घरातही आणू शकते. दुसरी प्रतिक्रिया याहून घातक आहे. जनावरांच्या अंगावर फवारायचे गोचीडनाशक मुलांच्या अंगाला किंवा केसांना चोळले जाते. ते विष आहे आणि मुलांची कातडी नाजूक असते, एवढे सांगणे पुरेसे व्हावे.

खरे संरक्षण याहून साधे आहे. गवतात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब विजार घालावी, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, फिकट रंगाचे कपडे निवडावेत, म्हणजे काळपट गोचीड चटकन दिसतो. बसण्यासाठी सतरंजी अंथरावी. परतल्यावर मात्र हातपाय धुण्याच्या जुन्या शिस्तीत थोडी भर घालावी लागेल: कपडे लगेच बदलून, साबणाने अंघोळ घालून मुलाचे सर्वांग उजेडात नीट पाहावे. हे काम पाच मिनिटांचे आहे. ते घरात नेहमी आईवरच का पडावे, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. सात-आठ वर्षांचे मूल स्वतःचे हातपाय स्वतः तपासू शकते आणि वडिलांनाही दृष्टी असतेच.

गोचीड सापडल्यास त्यावर रॉकेल ओतणे, काडी लावणे किंवा तेल चोपडणे टाळावे. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला कातडीलगत धरून सरळ, संथपणे ओढावे. बोटांनी चिरडू नये. जागा व हात साबणाने धुवावेत.

खरा घात येथून पुढे होतो. आठ-दहा दिवसांनी मुलाला ताप भरतो, डोके दुखते. त्या दिवसांत डेंग्यू, मलेरियाचीही साथ असते, त्यामुळे तपासणी त्याच दिशेने चालते. मूल गवतात खेळले होते, हे डॉक्टरांना कोणी सांगतच नाही; शिक्षा होईल या भीतीने मूलही बोलत नाही. स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिनसारखे परिचित, स्वस्त औषध आहे. पण त्याचा उपयोग वेळेवर व्हायला हवा. काळी खपली पाहिल्याचे एक वाक्य निदानाचा मार्ग बदलू शकते. म्हणून सहलीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर ती डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावी.