विश्लेषण : पुरात बुडालेल्या गाडीचा विमा नेमका कुठे अडतो?

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत उभ्या गाड्या बुडाल्या. वारजेही याच नदीच्या काठी आहे.

केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर पुराच्या नुकसानीचे काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत ते धरलेले असते.

इंजिनाचा दावा का फेटाळला जातो?

पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून अनेक जण चावी फिरवतात. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ही हानी पुराने नव्हे, गाडी चालू केल्याने झाली, असे कंपनी म्हणू शकते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे कवच लागते. म्हणून पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, गाडी टो करूनच गॅरेजला न्या. सर्व्हेअरने पाहण्याआधी ती खोलू देऊ नका.

बिलातून काय कापले जाते?

‘झिरो डेप’ नसेल, तर प्लास्टिक, रबर, बॅटरीवर ५० टक्के घसारा. दुरुस्तीचा खर्च ‘आयडीव्ही’च्या, म्हणजे विम्यात ठरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला, तर गाडी ‘टोटल लॉस’. हप्ता वाचवण्यासाठी आयडीव्ही कमी लावणाऱ्यांना तेव्हा त्याची किंमत कळते.

कंपनीकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालांचे कार्यालय पुण्यातच आहे. तिथे शुल्क लागत नाही. मात्र वर्षाच्या आत जावे लागते.