निदानापुढचे कर्तव्य

मधुमेहात दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात. तरीही प्रारंभी रोग्यास वेदना होत नाही, दृष्टीही सहसा मंदावत नाही. म्हणूनच हा रोग शोधावा लागतो. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले. २०१८ साली, दृष्टिपटलाच्या छायाचित्रावरून तज्ज्ञावाचून निर्णय देणाऱ्या संगणकीय यंत्रणेस अमेरिकेत प्रथमच शासकीय मान्यता मिळाली. ही प्रगती स्वागतार्ह खरी. परंतु यंत्र रोग ओळखते, तो बरा करीत नाही. लेसर-किरणांचे उपचार आणि डोळ्यात टोचावयाची औषधे आवाक्यात नसतील, तर खेड्यातील रोग्याच्या हाती निदानाचा कागद तेवढा उरेल. यास्तव जेथे परीक्षा होईल, तेथूनच उपचाराची वाटही आखलेली असली पाहिजे.