धबधब्याला कुलूप नको, वाटाड्या हवा

मृगाच्या दोन सरी पडल्या, की रविवारी सकाळच्या लोकल कुळगाव-बदलापूर स्टेशनावर रिकाम्या होतात. पाठीला सॅक, पायात बूट, हातात मोबाईल. कुणाला कोंडेश्वर गाठायचं असतं, कुणाला भोज धरण, कुणी बारवीकडे निघालेला, तर कुणाच्या डोक्यात चंदेरीचा सुळका. दुपारपर्यंत ओढ्याकाठी जत्रा भरते. संध्याकाळी ती उठते, आणि गावाच्या वाट्याला काय राहतं ते तुम्हाला सांगायला नको. फुटक्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, तुडवलेला बांध. आणि एखाद्या वाईट दिवशी, पाण्यात उतरून मुडदा शोधायचं काम.

हे काम कुणाकडे येतं? पोलीस येतात, अग्निशमन दलाची गाडी येते, पण डोहाचा ठाव गावच्या पोरांनाच ठाऊक असतो. दोर कमरेला बांधून खाली तीच उतरतात. पंचनाम्याला साक्षीदार म्हणून सही गावकऱ्याची, चहा-पाणी गावकऱ्याचं, आणि दुसऱ्या दिवशी बंदी आली की ओट्यावर भाजलेली कणसं विकणाऱ्या बाईचा धंदा बसतो, तीही गावकरीच.

आज सरकारकडे या दुखण्यावर एकच औषध आहे, मनाई आदेश. पावसाळा आला की ठाणे जिल्ह्यातले धबधबे, धरणं, तलाव यांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. कलमाचा आकडा बदलला, रविवारची गर्दी काही बदलली नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एकाच कुटुंबातलं पाच जणांचं बिऱ्हाड वाहून गेलं. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघांचा जीव गेला.

आदेश काढणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्यात शंका नाही. पण डोंगराला दारं नसतात. मुख्य वाटेवर एक पोलीस उभा केला तर हौशी माणूस शेताच्या बांधावरून, झुडपातून आडवाटेने जातो आणि नेमका अवघड जागी उतरतो. कोंडेश्वरच्या कुंडात तर लोक उन्हाळ्यातही बुडालेले आहेत. तेव्हा पावसाळ्यापुरती बंदी म्हणजे अर्ध्या घराला छप्पर घालण्यासारखं झालं.

आमचं म्हणणं साधं आहे. येणारा माणूस थांबत नसेल, तर तो एकटा येऊ नये. त्याच्या पुढे-मागे गावचा वाटाड्या असावा. डोंगरातला एक दिवस, सकाळी गावच्या वेशीपासून संध्याकाळी वेशीपर्यंत, गावाने आपल्या हातात घ्यावा. धबधबा दाखवावा, वाडी दाखवावी, जेवू घालावं, आणि मोजून आणलेली माणसं मोजून परत पाठवावीत. त्याचे पैसे घ्यावेत, पावती द्यावी.

वाटाड्याच का, ते पाण्याच्या स्वभावावरून समजून घ्या. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. कडे उभे, माती पातळ. पडलेलं पाणी जिरायला जागा नाही, ते धावतच खाली येतं. माथ्यावर ढग फुटला तर पायथ्याशी ऊन असतानाही ओढा बघता बघता कमरेवर चढतो. शहरातल्या माणसाला ते कळत नाही. गुराख्याला कळतं. पाण्याचा रंग गढूळ-लालसर झाला, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, वरून घरघर ऐकू आली, की तो गुरं घेऊन काठ सोडतो. डोहाचंही तसंच. धार वर्षानुवर्षं एकाच जागी पडून खालचा खडक कोरते, पोटात कपारी होतात, पाणी गरगर फिरतं. धारेखालचं पाणी फेसाळ असतं, त्यात पोहणारा नेहमीसारखा तरंगत नाही. कोंड म्हणजे असाच खोल डोह, कोंडेश्वराच्या नावातच तो शब्द आहे. जुन्या माणसांनी देवाचं नाव ठेवतानाच जागेची ओळख सांगून ठेवलीय. ती ओळख वाचणारा माणूस सोबत हवा.

२७ जुलै २०१९ आठवा. उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. गाडीत हजाराच्या वर उतारू होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हेलिकॉप्टर, सगळे आले आणि माणसं सुखरूप निघाली. पण त्या पाण्यात आसपासच्या गावकऱ्यांनीही हात दिला. या खोऱ्यातल्या माणसाला पाणी वाचता येतं याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

आता हा दिवस कसा असावा ते मांडतो. सकाळी सातला गावच्या शाळेपाशी किंवा देवळापाशी जमणे. वहीत नाव, गाव, घरच्या माणसाचा फोन. गुळगुळीत चपला घालून आलेल्याला तिथूनच परत. दारूची बाटली सापडली तर तोही परत. वीस जणांमागे तीन वाटाडे, एक पुढे, एक मध्ये, एक शेवटी. चालायची वाट ठरलेली, भाताच्या खाचरातून नाही. धबधबा लांबून पाहायचा, पाय भिजवायचे तेवढेच, तेही वाटाड्या दाखवेल त्या जागी. पोहणं नाही, धारेखाली उभं राहणं नाही. चंदेरीसारख्या सुळक्यावर भर पावसात कुणालाही नेऊ नये. पायथ्याची रानवाट आणि पठार पुरे आहे. आणि सगळ्यात मोठा नियम, "आज पुढे जायचं नाही," असं वाटाड्या म्हणाला की तो शब्द शेवटचा. पैसे भरले म्हणून हुज्जत चालणार नाही.

दुपारी वाडीवर जेवण. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, हंगामातली रानभाजी. आपली ठाकर-कातकरी बाया-माणसं पहिल्या पावसात शेवळं काढून बदलापूरच्या बाजारात वाटे मांडून बसतात. शेवळं खाजरी, त्यात काकडाची फळं घातल्याशिवाय ती घशाखाली उतरत नाहीत, हे शहरात किती जणांना माहीत आहे? ही माहिती दिली तर जेवण नुसतं जेवण राहत नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली यांची गोष्ट अशीच. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. जूनच्या सुरुवातीला येणाऱ्याला झाडाखालीच टोपलीभर जांभळं विकता आली, तर दलाल मध्ये कशाला?

पण एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. वाडी म्हणजे प्रदर्शन नव्हे. घरात शिरण्याआधी विचारावं, फोटो काढण्याआधी विचारावं, पोरांच्या हातात चॉकलेटं कोंबून त्यांना हात पसरायची सवय लावू नये. पाहुणा पाहुण्यासारखा वागला तरच आपण यजमान. वाडीच्या लोकांना हे नको असेल, तर गावाने त्यांच्या नावावर हा उद्योग करू नये. आधी त्यांची बैठक घ्या, मग बाकीचं.

हिशेब पाहा. उदाहरणादाखल माणशी ३५० रुपये धरले आणि २० माणसं आली, तर ७,००० रुपये होतात. तीन वाटाड्यांना ८०० प्रमाणे २,४००. जेवणाचे माणशी १५० प्रमाणे ३,००० महिला बचत गटाला. दोर, प्रथमोपचाराची पेटी, विमा यासाठी ६००. उरलेले १,००० गावाच्या खात्यात, कचरा उचलायला आणि वाट दुरुस्त करायला. कुणी लखपती होणार नाही. पण आज मुंबईतून बस भरून आणणारे आयोजक पैसे तिकडेच घेतात, आणि गावाला मिळतो तो फक्त गाडीचा धूर. त्यापेक्षा हे बरं. ज्या आयोजकाला माणसं आणायची आहेत त्याने खुशाल आणावीत, पण गावचा वाटाड्या घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा ठराव करा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं, त्यात अशा उपक्रमांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका.

हे जगावेगळं काही नाही. उल्हास नदीचा उगम ज्या खोऱ्यात होतो तिथल्या राजमाचीला, उधेवाडीची कुटुंबं कित्येक वर्षं गडावर येणाऱ्यांना राहायला जागा आणि जेवण देत आली आहेत. साताऱ्याच्या कास पठारावर भोवतालच्या गावांची समिती वन विभागाबरोबर बसून शुल्क घेते, आणि फुलांच्या हंगामात रोज किती माणसं सोडायची त्याची मर्यादा घातलेली आहे, ३,००० ची. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून मर्यादा घालता येते, तर माणसं बुडू नयेत म्हणून का घालता येऊ नये?

अधिकाऱ्यांची भीती आम्हाला ठाऊक आहे. "उद्या कुणी मेलं तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त आहे. पण आज मरतात त्यांना कोण जबाबदार आहे? कुणीच नाही, म्हणून तर आदेशाच्या कागदावर काम भागतं. वहीत नावं असतील, वाटाडा शिकलेला असेल, नियम लिहिलेले असतील, तर जबाबदारी निदान कुठे सुरू होते ते कळेल. वाटाड्यांना शिकवायचीही सोय आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून "आपदा मित्र" योजनेत गावच्या तरुणांना प्रशिक्षण मिळतं. आपल्या गावातले किती तरुण त्यात आहेत, सरपंचांनी एकदा विचारून घ्यावं. रुग्णवाहिकेचा १०८, पोलिसांचा ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, हे आकडे वेशीवरच्या फलकावर मोठ्या अक्षरात रंगवा. डोंगरात फोनला रेंज कुठे मिळते तेही त्याच फलकावर लिहा.

जमिनीचा प्रश्न मात्र नीट सोडवावा लागेल. धबधबे बहुतेक वन विभागाच्या हद्दीत, धरणं वेगवेगळ्या खात्यांची. ग्रामपंचायतीने मनाने नाका बसवून पैसे घेतले तर तो बेकायदा ठरेल. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली पंचायतीला कर आणि फी लावायचे अधिकार आहेत, पण ते गावठाणातल्या वाहनतळासारख्या गोष्टींना उपयोगी. वनात जायचं तर संयुक्त वन व्यवस्थापन समिती हा रस्ता आहे. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्या गावाला सामूहिक हक्क मिळालाय, तिथे वन राखण्याचा आणि त्याच्या व्यवस्थेचा अधिकार ग्रामसभेलाच आहे. तलाठी आणि ग्रामसेवक (पदांची नावं बदलली तरी गावात अजून हेच म्हणतात), वनरक्षक आणि पोलीस पाटील, हे चौघे एकदा एका सतरंजीवर बसले तर निम्मा प्रश्न सुटेल.

शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठी एक शब्द. हा उद्योग शेतीच्या उरावर बसता कामा नये. जुलैत आवणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही. त्या दोन-तीन आठवड्यांत वाटाडे म्हणून पोरं गेली तर चिखलात उतरणार कोण? म्हणून वेळापत्रक गावाने ठरवावं. आवणीच्या आठवड्यांत डोंगर फक्त रविवारी, तोही थोड्या माणसांना. हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी पूर्ण बंद, आलेल्याचे पैसे परत. पाळी लावून काम द्या, म्हणजे सरपंचाच्या भावकीलाच रोज काम मिळतंय अशी कुरबूर होणार नाही. हिशेबाची वही ग्रामसभेपुढे उघडी ठेवा. गावचे चांगले उद्योग पाण्यात बुडतात त्याहून जास्त हिशेबात बुडतात.

आणि चालू आदेश मोडा असं आम्ही मुळीच सांगत नाही. आदेश आहे तोवर तो पाळायचाच. पण आदेश निघाल्यावर तक्रार करण्यापेक्षा तो निघण्याआधी बोलावं. १ मे च्या ग्रामसभेत हा विषय घ्या. वाट कुठली, माणसं किती, वाटाडे कोण, कुठे उतरायची मनाई, हे सगळं ठरावात लिहा. तो ठराव वन विभाग, तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे मेमध्येच पोचता करा, पोच घ्या. "अमुक गावच्या वाटाड्यासोबत, अमुक वाटेने, अमुक संख्येपर्यंत परवानगी" एवढं एक वाक्य पुढच्या आदेशात आलं, तरी काम झालं. एका गावापासून सुरुवात करा, एक पावसाळा चालवून पाहा, चुका दुरुस्त करा.

मुंबई-ठाण्याची तहान आपल्याच डोंगरांचं पाणी भागवतं. त्याची किंमत आपल्या गावांनी कधी जमिनीने, कधी विस्थापनाने मोजलीय. आता त्याच शहरांची माणसं पाणी पाहायला येत आहेत. त्यांना हाकलायचं नाही आणि मरूही द्यायचं नाही, एवढं जरी आपण ठरवलं तरी पुढच्या मृगाला ओढ्याकाठी दोर घेऊन उभी राहणारी आपली पोरं मुडदा काढायला नव्हे, माणसं सांभाळायला उभी असतील.