सांगितलं म्हणजे झालं?

मंडळी, आजचा विषय माझा वाटणार नाही. मी बी.ए. झालेली, सगळी नोकरी मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलेली बाई. पॉवर सप्लायशी माझा काय संबंध? पण रविवारी नातीने (पुतण्याची मुलगी, इंजिनियरिंगला आहे) तिच्या जर्नलमधला एक आलेख दाखवला, आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. त्यात आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांशी याच विषयावर कडाक्याचं भांडण झालं. ते रस्त्यावर अर्धवट राहिलं, म्हणून इथे पूर्ण करते. त्यांच्या सूनबाई हा ब्लॉग वाचतात, त्यांनी मोठ्याने वाचून दाखवावा.

प्रयोगशाळेत हवे तितके व्होल्ट देणारा सप्लाय असतो. पूर्वी त्याचं बटण हाताने फिरवायचं. आता तो यूएसबीच्या वायरीने कॉम्प्युटरला जोडतात आणि हुकूम कॉम्प्युटर देतो. सरांचं म्हणणं, "बटणाला हात न लावता पोरं काय विज्ञान शिकणार? सगळं त्या डबड्यावर सोडलं की खोटं शिरणारच."

खोटं? सर, आपण एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायलोय हो! चाळीस मुलांत एक बॅटरी एलिमिनेटर. एक मुलगा बटण फिरवणार, दोघं काटा बघणार, बाकीचे गेल्या वर्षीच्या वहीतून आकडे उतरवणार. आधी सरळ रेघ मारायची आणि मग तिच्यावरचे बिंदू 'निरीक्षण' म्हणून तक्त्यात भरायचे, हे मी मराठीच्या तासाला मागच्या बाकांवर चाललेलं पाहिलंय. तेव्हा कुठे होता कॉम्प्युटर?

आता नातीचा आलेख. लाल एलईडीला ० ते ३ व्होल्ट, ०.१ च्या पायरीने द्यायचे आणि प्रत्येक वेळी प्रवाह मोजायचा. एलईडी जळू नये म्हणून सप्लायवर २० मिलिअँपिअरची मर्यादा. प्रोग्रॅम कॉलेजने तयारच दिलेला, मुलांनी फक्त 'रन' दाबायचं. आलेख आला तो असा: बराच वेळ काही नाही, मग प्रवाह झपकन वर, आणि साधारण २ व्होल्टनंतर थेट ३ पर्यंत एकदम आडवी रेघ. पोरीने खाली लिहिलं, "येथे एलईडी संपृक्त होतो." तपासणाऱ्याने त्यावर बरोबरची खूण केली!

एलईडी असा आडवा होत नसतो, हे मला पुतण्याने घरच्या टेबलावर दाखवलं. त्याच्याकडे तसाच सप्लाय आहे. प्रवाह मर्यादेला टेकला की सप्लाय व्होल्ट वाढवणं थांबवतो. कॉम्प्युटर २.५ म्हणो की ३, एलईडीवर सुमारे २ च राहतात. कॉलेजच्या प्रोग्रॅमने प्रवाह मोजून घेतला होता, पण व्होल्टच्या रकान्यात मात्र आपण सांगितलेला आकडा लिहून टाकला होता. म्हणजे आडवी रेघ एलईडीची नव्हतीच. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या आळसाची होती.

आणि गंमत म्हणजे इथे माझा विषय आला. या उपकरणांशी बोलायची एक समान भाषा १९९० मध्ये ठरली, एससीपीआय म्हणतात तिला. तिला व्याकरण आहे! 'व्होल्ट ५' हा आज्ञार्थ. 'व्होल्ट?' हा प्रश्न, पण त्याचं उत्तर मिळतं ते "तुम्ही मला किती सांगितलं होतं" एवढंच. प्रत्यक्षात किती आहेत ते हवं असेल तर 'मेझर व्होल्ट?' असं वेगळं विचारावं लागतं. नुसत्या आज्ञेला सप्लाय हूं की चूं करत नाही. चुकीची आज्ञा दिली तरी तो चूक मनात ठेवून गप्प बसतो, "काही चुकलं का?" असं विचाराल तेव्हाच सांगतो. (आमच्या वर्गातली निम्मी मुलं अशीच होती.)

म्हणून सर, माझं भांडण बटणाशीही नाही आणि वायरीशीही नाही. पहिल्यांदा हाताने फिरवू द्या, एखादा एलईडी जळू द्या, इथवर तुमचं मला मान्य. पण पुढे ३१ काय, ३०० वाचनं कॉम्प्युटर न कंटाळता घेतो आणि शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत नाही. माझा राग आहे तो तयार प्रोग्रॅम मुलांच्या हाती देऊन 'रन' दाबायला लावणाऱ्यांवर. ते मुलांना हुकूम सोडायला शिकवतात, विचारायला शिकवत नाहीत. अहो, तो प्रोग्रॅम असतो किती? नातीने माझ्यासमोर पंधरा-वीस ओळींत लिहिला. आधी प्रवाहाची मर्यादा, मग व्होल्ट, मग आउटपुट चालू, क्षणभर थांबणं, मग दोन्ही प्रश्न, आणि शेवटी आठवणीने आउटपुट बंद. कारण कॉम्प्युटर मध्येच झोपला तर हा बिचारा शेवटचा हुकूम पाळत बसतो.

नव्या आलेखात आडवी रेघ नाही. ते शेवटचे दहा बिंदू २ व्होल्टच्या आसपास एकमेकांवर गर्दी करून उभे आहेत.

नात जुनं पान फाडायला निघाली होती. मी म्हटलं, "राहू दे ते. नवीन त्याच्या शेजारी डकव." उद्या ती दोन्ही पानं घेऊन कॉलेजात जाणार आहे. ती बरोबरची खूण केलेल्या बाई काय म्हणतात ते कळलं की लिहीनच.