सह्याद्रीचे पोवाडे आणि गोपाचलाचा विसर

आपल्या समाजाच्या कोणत्याही कार्यक्रमात सह्याद्रीचे नाव निघाले की टाळ्या पडतात. त्यात गैर काहीच नाही. पूर्वज तिकडून आले, कुलदैवते तिकडे आहेत. परंतु दौलतगंज, जनकगंज, शिंदे की छावणी येथे ज्यांच्या सहा-सात पिढ्या गेल्या, त्या घरांना पाठीशी उभ्या असलेल्या डोंगराबद्दल चार वाक्ये सांगता येऊ नयेत, ही गोष्ट आम्हाला खटकते. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास येथे लष्कर वसविले ते या किल्ल्याच्या आधारानेच.

थोडा हिशेब मांडू. सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचा, वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. आपल्या शहराभोवतीचे जुने थर जवळपास २०० कोटी वर्षांचे, म्हणजे सह्याद्रीच्या तीसपट वयाचे. त्या काळी पृथ्वीवर झाड नव्हते, मासा नव्हता, होते ते केवळ सूक्ष्मजीव. भूवैज्ञानिकांनी या थरांना नावच 'ग्वाल्हेर गट' असे दिले. त्यातील खालचा भाग 'पार' आणि वरचा 'मुरार' म्हणून ओळखला जातो. आपल्या मुरारचे नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे मुरारमध्ये राहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे?

किल्ल्याचा माथा मात्र विंध्य वालुकाश्माचा, म्हणजे त्या मानाने 'तरुण', तरीही शंभर कोटी वर्षांहून जुना. उथळ पाण्याखाली वाळू साचत गेली, दडपली गेली, तिचा दगड झाला. थर आडवे व भक्कम, कडे सरळ तुटलेले, म्हणून किल्ला अजिंक्य वाटला. दगड कोरण्याजोगा, म्हणून पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी तीर्थंकरांच्या मूर्ती कड्यातच घडल्या. त्यातील सर्वात उंच मूर्ती सुमारे ५७ फूट आहे. माथा सपाट, म्हणून सूरजकुंड, जौहर ताल, मानसरोवर असे पाणवठे तेथे करता आले आणि वेढ्याच्या काळात पाणी पुरले. इतिहास राजांनी घडविला असे आपण म्हणतो, पण त्यांना जागा या दगडाने दिली.

हाच दगड बेपर्वाई खपवून घेत नाही. सांक नदीवरील तिघरा धरण ऑगस्ट १९१७ मध्ये फुटले. वालुकाश्माच्या थरांतून पाणी पायात शिरले आणि बांध सरकला. धरण पुन्हा बांधले गेले, आणि आजही शहर त्याच तिघऱ्याचे पाणी पिते. डोंगराचा स्वभाव ओळखल्याशिवाय काम करू नये, हा धडा आपल्याच शहराने शंभर वर्षांपूर्वी मोठी किंमत मोजून घेतला आहे.

आता आजची स्थिती पाहा. घाटीगावच्या परिसरात १९८१ मध्ये सोनचिडियासाठी, म्हणजे आपल्या माळढोकासाठी, अभयारण्य जाहीर झाले. आज तेथे माळढोक दिसत नाही. पक्षी गेला, पाटी राहिली. त्याच पट्ट्यात फर्शी दगडाच्या बेकायदा खाणींच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. शेजारच्या मुरैना जिल्ह्यात बानमोर येथे ८ मार्च २०१२ रोजी दगडाचा ट्रॅक्टर अडविताना तरुण पोलीस अधिकारी नरेंद्र कुमार यांचा जीव गेला. दगडाच्या धंद्यात कायदा आडवा आला तर काय होते, ते त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. शहरातील पहाड्यांवर घरे चढत आहेत ती वेगळीच. पहाडीवरून पूर्वी झिरपत येणारे पाणी आता रस्त्यावरून लोंढ्याने येते, आणि उन्हाळ्यात हातपंप कोरडे पडतात.

कोणी म्हणेल, तुमचे वाडे याच दगडाचे, छतावरच्या पटियाही याच, मग आता खाणीला नावे का ठेवता? प्रश्न रास्त आहे. खाणी बंद करा असे आमचे म्हणणे नाही. हजारो मजुरांची चूल त्यावर पेटते. परंतु पट्टा किती, काढला किती, खड्डा बुजविला की नाही, याचा हिशेब लोकांसमोर असावा. बेकायदा खाणीत मजुराला ना विमा, ना धुळीपासून संरक्षण. तेथे नफा एकाचा आणि खोकला दुसऱ्याचा.

किल्ला मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. २०२३ मध्ये संगीतासाठी शहराचा मान झाला. डिसेंबर २०२४ मध्ये महाराज बाड्यावर व्हिक्टोरिया मार्केटच्या इमारतीत भूविज्ञान संग्रहालय उघडले. दौलतगंजहून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मान मिळाला, वास्तू झाली. आता नागरिकांनी जागे होणे बाकी आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना. पहिली, समाजाने दर सुट्टीत मुलांना या संग्रहालयात व नंतर किल्ल्याच्या कड्याखाली न्यावे आणि मराठीत समजावून सांगावे. दुसरी, जुने वाडे दुरुस्त करताना दगडावर सिमेंट थापू नये. चुन्याचे काम जाणणारे कारागीर अजून आहेत, त्यांना काम द्यावे. तिसरी व महत्त्वाची, नगर निगमाच्या पुढील निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला एकच प्रश्न विचारावा: वार्डातील पहाडीची हद्द आखून ती नकाशावर जाहीर करणार का? हो किंवा नाही.

मराठी मते आता थोडी उरली, आपल्याला कोण विचारतो, असे म्हणून गप्प बसण्याची सवय आपल्याला लागली आहे. परंतु पाणी, हवा व डोंगर यांच्या प्रश्नात आपण एकटे नाही, सारे शहर आपल्यासोबत आहे. दोनशे वर्षे या डोंगराच्या सावलीत राहिलो, आता त्याच्या बाजूने बोलणे हे आपले कर्तव्य आहे. सह्याद्रीवर प्रेम जरूर करावे, पण राखायचा डोंगर आपल्या वाट्याला हा आला आहे.