न आलेले बिल

थोरोचे 'वॉल्डन' (१८५४) शिकवताना पहिल्या प्रकरणातील हिशेब फळ्यावर मांडून दाखवण्याची माझी जुनी सवय आहे. फळ्या, जुन्या विटा, चुना, खिळे, कडी, बिजागऱ्या असे करत करत तळ्याकाठची ती झोपडी २८ डॉलर आणि साडेबारा सेंटला पडते. आठ महिन्यांच्या खाण्याचा खर्च ८ डॉलर ७४ सेंट. ललित गद्यात असा रोखठोक जमाखर्च सहसा आढळत नाही, त्यामुळे विद्यार्थी हमखास खूश होतात. याच हिशेबात एक अगदी छोटी कबुली आहे. धुणे आणि कपड्यांची दुरुस्ती हा खर्च यात धरलेला नाही, कारण ती कामे बहुतांशी बाहेर होत आणि त्यांची बिले अजून आलेली नाहीत, अशा आशयाची. कित्येक वर्षे ही कबुली मी थोरोचा मिस्कीलपणा म्हणून वाचून दाखवली आणि पान उलटले. त्या वाक्यापाशी थांबायला मला माझ्याच घराने भाग पाडले.

आमचे घर डोंबिवलीत, दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढे. २०१७ च्या पावसाळ्यात आम्ही ठरवले की आता साधे राहायचे. 'आम्ही' हे सर्वनाम येथे मी सैलपणे वापरतो आहे, हे पुढे दिसेलच. पाकीटबंद जिन्नस बंद केले. तांदूळ वाड्याचा कोलम आणि कडधान्यात आपल्याच जिल्ह्यातले वाल. भाजी शक्यतो मुरबाड-शहापूरकडून डोक्यावर भारे घेऊन येणाऱ्या ठाकूर-कातकरी बायकांकडून घ्यायची. मिक्सर माळ्यावर गेला आणि पाटा-वरवंटा खाली आला. भांड्यांना आणि धुण्याला रिठ्याचे पाणी आणि गॅलरीत ओल्या कचऱ्याच्या खताची टोपली. वर्षभरात कचऱ्याचा डबा जवळजवळ रिकामा राहू लागला. जेवणाला चव आली, हेही खोटे नाही. मी या विषयावर दोन लेख लिहिले, एका महाविद्यालयात व्याख्यान दिले, आणि समारोपात 'वॉल्डन'ची आठवण काढली.

मुलगी त्या वेळी एम. ए. करत होती. तिने माझीच प्रत वाचायला घेतली होती. एका संध्याकाळी ते पान उघडे धरून ती म्हणाली, "बाबा, आपल्याकडचं हे बिल कुणाच्या नावावर निघेल?" तिची आई समोरच बसली होती. ताटात मोड आलेले वाल होते आणि ती ते एकेक करून सोलत होती. वालाचे बिरडे ज्यांनी नुसते खाल्ले आहे, त्यांना त्यामागचा वेळ ठाऊक नसतो. आदल्या रात्री भिजत घालायचे, मग मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून दाणा न दाणा सोलायचा. पत्नीने मान वर केली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, तुमच्या व्याख्यानाच्या दिवशी रिठे कुणी उकळले, ते तरी आठवतंय का?" मला आठवत नव्हते. नोकरी तिचीही होती, अगदी माझ्याइतक्याच तासांची.

माझा मुद्दा असा की 'साधे राहणे' ही साहित्यात फार मोठ्या प्रतिष्ठेची कल्पना असली, तरी घरात ती श्रमाची कल्पना आहे. बाजारातून एखादी वस्तू आणणे आपण थांबवतो, तेव्हा त्या वस्तूमागचे काम नाहीसे होत नाही. ते उंबऱ्याच्या आत येते आणि आत आल्यावर बहुधा ठरलेल्या हातांकडेच जाते. साधेपणाचा निश्चय एकाने करावा आणि त्याचा दिनक्रम दुसऱ्याने चालवावा, ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत आहे. घरात येणारा जिन्नस धुतल्यावाचून आत यायचा नाही, त्यातून मीठसुद्धा सुटत नसे. सोवळे वडिलांचे आणि जाच घरातल्या बायकामुलींना. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. ते हसणे हीच बिल पुढे करण्याची त्यांची रीत आहे, असे आता मला वाटते. आमची रसायनमुक्त, प्लॅस्टिकमुक्त शुद्धी ही त्या सोवळ्याची दूरची नातेवाईक तर नव्हे, ही शंका मला त्या पुस्तकाने दिली.

यावर कोणी म्हणेल की हे तर सुखवस्तू माणसाचे निमित्त झाले, पुन्हा पाकिटांकडे वळण्यासाठी. तसे नाही. पाकिटामागेही हात असतात, फक्त ते दिसत नाहीत. जवळून आणलेल्या अन्नाचा मोठा गुण हाच की त्यामागचे माणूस आपल्यासमोर उभे राहते. मात्र ते उभे राहिल्यावर आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे. पहाटेच्या अंधारात घर सोडून आलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करायची आणि घरी येऊन 'स्थानिक अन्ना'वर लिहायचे, हे मी केलेले आहे. अन्न किती मैलांवरून आले, एवढेच मोजून भागत नाही. ते किती हातांतून आले आणि त्यांतले किती हात आपले होते, हेही मोजावे लागते.

या दृष्टीने बार्बरा किंगसॉल्व्हर यांचे 'ॲनिमल, व्हेजिटेबल, मिरॅकल' (२००७) मला अधिक प्रामाणिक वाटते. ॲरिझोनातले शहर सोडून हे कुटुंब व्हर्जिनियातल्या शेतावर गेले आणि वर्षभर स्वतः पिकवलेले किंवा आसपासचे अन्न खाऊन राहिले. पुस्तकात पती स्टीव्हन हॉप यांच्या माहितीपर टिपा आहेत, मुलगी कमिल हिचे लेख आणि पाककृती आहेत. काम वाटून घेतले गेल्याची खूण पुस्तकाच्या बांधणीतच उमटलेली आहे. त्यांच्यापाशी जमीन होती, आमच्यापाशी गॅलरी आहे. हा फरक लहान नाही, पण कामाच्या वाटणीला जमीन लागत नाही.

आपल्याकडे 'वॉल्डन' मराठीत आणले ते दुर्गाबाई भागवतांनी, 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने. 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तकही त्यांचेच. ही दोन पुस्तके आपण वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो, आणि अभ्यासक्रमाला लावायची वेळ आली तर एकच लावतो. साधेपणाचे कोणतेही लेखन वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा, असे मी सुचवीन: या लेखकाचे कपडे कोण धूत होते? प्रश्न कुचेष्टेचा नाही. थोरोचे मोठेपण त्याने कमी होत नाही, उलट बिल आलेले नाही हे त्याने लपवले नाही, याची आपण नोंद घेतो.

आमच्या घरी त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. मिक्सर माळ्यावरून खाली आला. रिठे फक्त लोकरीच्या कपड्यांपुरते उरले. खताची टोपली माझ्याकडे आली, आणि भाजी निवडणेही. माझे लेख कमी झाले, कारण निवडायला वेळ लागतो.

गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर शेवळे आली. पुलाच्या पायथ्याशी बसणाऱ्या बाईने सांगितला तो भाव दिला. तिने सोबत काकडे दिली आणि ती सगळी घालायची, असे बजावून सांगितले. घरी येऊन हाताला तेल लावले, वरची पाती काढली, पिवळा भाग टाकून दिला, बाकीचे बारीक चिरले. दीड तास गेला. काकडे मला जास्त वाटली म्हणून निम्मीच घातली. जेवताना तिघांच्याही घशाला खाज सुटली. पत्नी पाणी पीत म्हणाली, "पुढच्या वेळी ती बाई सांगते तेवढी घाला."