जेफकोटचा न्याय

दुष्ट गिरणीमालक रंगविणे सोपे असते. सोन्याचे घड्याळ, दरडावणारा आवाज आणि कामगाराच्या घरावर जप्ती एवढे सामान रंगमंचावर मांडले की प्रेक्षकांचा संताप आपोआप जागा होतो. स्टॅन्ली हॉटन या तरुण इंग्रज नाटककाराने १९१२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘हिंडल वेक्स’मध्ये ही वाट टाळली. त्याचा नथॅनिएल जेफकोट हा शब्दाला जागणारा मालक आहे, आणि म्हणूनच त्याची दंडेली भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. जेफकोटला या नाटकाचा सत्पुरुष मानणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

हिंडल हे लँकेशायरमधील कल्पित गाव. वेक्स म्हणजे गिरण्या बंद ठेवून साऱ्या गावाने घ्यायची वार्षिक सुटी. या सुटीत जेफकोटचा मुलगा ॲलन आणि त्याच्याच गिरणीत माग चालविणारी फॅनी हॉथॉर्न परगावी एकत्र राहतात. फॅनी मैत्रिणीबरोबर ब्लॅकपूलला आहे अशी घरच्यांची समजूत. ती मैत्रीण तिथे बुडून मरते आणि सारे उघडकीस येते. फॅनीचा बाप ख्रिस्तोफर हा जेफकोटचा जुना मित्र व आता त्याचा नोकर. जेफकोट निवाडा देतो: ॲलनने फॅनीशी लग्न करावे. ॲलनचा विवाह सर टिमथी फॅरर या श्रीमंताच्या मुलीशी, बिॲट्रिसशी ठरलेला असतो. तो मोडावा लागणार, तरी जेफकोट डगमगत नाही. पत्नीचा विरोध तो झिडकारतो, मुलाला वारसा काढून घेण्याची धमकी देतो.

केवढी ही न्यायबुद्धी, असे म्हणून आपण माना डोलावतो. पण हा सारा हिशेब गिरणीतलाच आहे. मालात खोट निघाली, भरपाई द्या! नुकसान झाले ते मित्राच्या अब्रूचे, भरपाईही मित्रालाच. मुलीला कोणी विचारले? शेवटच्या अंकात दोन्ही घराणी लग्न ठरवायला जमतात, आणि जिचे लग्न ती समोर बसलेली असताना तिच्याविषयी बोलत राहतात. धर्मनिष्ठ बिॲट्रिससुद्धा ॲलनला कर्तव्याची वाट दाखविते. फॅनीच्या मनाचा ठाव घेणे तिलाही सुचत नाही.

फॅनी नकार देते. १९१२ साली गहजब झाला तो तिच्यावर. जेफकोटवर कोणी दात-ओठ खाल्ल्याचे मला माहीत नाही. तिच्या नकाराला बळ कुठले? लँकेशायरच्या मागांवर १८९२ च्या दरपत्रकाने बाईला आणि पुरुषाला नगामागे एकच दर मिळत असे. आईने घराबाहेर काढले तरी तिची मजुरी तिच्या हाती होती. हा हात रिकामा असता, तर जेफकोटची उदारता तिला मुकाट्याने गिळावी लागली असती.

आमच्यातील काहीजण म्हणतील, हे पापाचे समर्थन झाले. मुळीच नाही. पापाला पाप जरूर म्हणावे. परंतु धाकाने लावलेले लग्न हे त्याचे प्रायश्चित्त कसे? ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ११०३ स्पष्ट आहे: बळजबरीने किंवा बाहेरून घातलेल्या गंभीर भीतीपोटी, सुटकेचा दुसरा मार्ग उरला नाही म्हणून केलेला विवाह अवैध ठरतो. मग मुलीचे नाव झाले की पंधरवड्यात बोहल्यावर उभे करण्याची घाई आपल्या घरांतून का असते? तेथे गिरणी नसते, वारशाची धमकीही नसते. एखादे काका असतात, एखादे वजनदार धर्मग्रामस्थ असतात, आणि तेही जेफकोटसारखेच सज्जन असतात.

विवाहापूर्वी धर्मगुरू वधूला विचारतात, तू हे स्वखुशीने करते आहेस ना? तिला एकटीला बसवून, दार लावून, उत्तराची वाट पाहत हा प्रश्न विचारला जातो, की अर्जावरची एक ओळ भरायची म्हणून?